समोरून बोल

ही पानं जिच्याविषयी आहेत तिनं ती छापायला देण्याआधी वाचली आहेत. तीन ठिकाणी काट मारली. एका ठिकाणी शाळा चालवणाऱ्या मंडळाचं नाव होतं, ते गेलं. "नाव तू छापणार नि जूनमध्ये पाकीट मला येणार," म्हणाली. दुसऱ्या ठिकाणी मी तिला वीरांगना म्हटलं होतं, तेही गेलं. तिसरी काट माझ्याविषयीच्या कौतुकाच्या ओळीवर बसली, ती योग्यच होती. बाकी आहे तसं आहे.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. पत्रकाला कुणाची परवानगी लागत नाही हाच त्याचा मोठेपणा, असं मी मानत आलो. परवानगी न घेता लिहिलेल्या एका पत्रकानं काय केलं, ते पुढं येईल.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशा लावून बसायला नको. यमुना बाबू परब, प्राथमिक शिक्षिका, राहणार लालबाग, यांना याही जूनमध्ये कायम केलेलं नाही. सहा वर्षं त्या पहिलीला शिकवताहेत. मुलं वाचतात, लिहितात, पाढे म्हणतात, दुसरीत जातात. बाई मात्र तात्पुरत्या. कारण बाईंना ऐकू येत नाही.

शाळेत त्या परबबाई, चाळीत यमूताई. आमच्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली. माझ्यापेक्षा ती पाच वर्षांनी मोठी. सातव्या वर्षी ताप आला, तो उतरला तेव्हा कान गेले होते. बोलायला ती तोवर शिकली होती, म्हणून आवाज राहिला. पण तो सपाट झाला, इस्त्री फिरवल्यासारखा. आपला आवाज चढलाय की पडलाय हे तिला कळत नाही. म्हणून बोलताना ती उजव्या हाताची दोन बोटं गळ्याला लावून ठेवते. गळा किती थरथरतो त्यावरून आवाजाचा अंदाज घेते. नवखा माणूस समजतो, बाईंचा घसा दुखतोय. एकदा एका शेजारणीनं तिला आठवडाभर हळददूध पाजलं होतं. तीही प्यायली. विनाकारण दूध कशाला सोडायचं, म्हणाली.

तिचे वडील आबा परब साचेखात्यात विणकर. गिरणीत ज्यानं पाऊल ठेवलं नाही त्याला साचेखातं सांगून कळायचं नाही. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालतात, धोटे आपटतात, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज काढतच नाहीत. ओठ मोठे हलवतात, दोन बोटांच्या खुणा करतात आणि सगळं बोलतात: धागा तुटला, जॉबर येतोय, संध्याकाळी बांगडा आणायचाय, बायको माहेरी गेलीय. वीस-पंचवीस वर्षांत कान जातातच. आमच्या चाळीतले निम्मे पुरुष चाळिशीनंतर अर्धे बहिरे आहेत. आबा घरी आले तरी सवयीनं ओठांनीच बोलत. त्यामुळे यमूताईला ओठ वाचायला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. तापातून उठली तेव्हा घरात भाषा तयार होती.

तिनं त्या भाषेचा वापर कसा केला ते चाळीला फार उशिरा कळलं. ती गॅलरीत तांदूळ निवडत बसे, आणि समोरच्या चाळीत कोण कुणाला काय बोलतं ते तिला दिसत असे. कुणाचं भांडण, कुणाचं ठरलेलं लग्न, कुणी कुणाला गुपचूप काय कबूल केलं, सगळं. तिनं यातलं एक अक्षर कधी कुणाला सांगितलं नाही. मला हे कळायचं कारण माझं पहिलं भाषण. नाक्यावर सभा होती, कर्णा बिघडला, पुढच्या दोन रांगांपलीकडे माझं कुणालाच ऐकू गेलं नाही. ती लांब, पानवाल्याच्या फळीपाशी उभी होती. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाली, "भाषण बरं होतं. पण एकच वाक्य तीनदा बोललास. नि मुठी आवळतोस तेव्हा तोंड झाकलं जातं, ते बंद कर." सभेतल्या हजार माणसांत माझं सगळं भाषण समजलेली ती एकटी होती.

तिचं पालुपद एकच. कुणी पाठ वळवून, खाली बघून किंवा तोंडात पान धरून बोलायला लागला की ती म्हणायची, "समोरून बोल." लहानाला, मोठ्याला, घरमालकाच्या माणसालासुद्धा. घरमालकाच्या माणसाला 'बोला'.

ती सातवीची फायनल पास झाली तेव्हा गिरणीत माणसं लावणाऱ्या एका ओळखीच्या जॉबरनं आबांना सांगितलं, पोरीला गिरणीत रिळांवर लावतो. ऐकू येत नाही? मग उत्तमच, गप्पा मारणार नाही. हे वाक्य मला पत्रकात छापायचं होतं, आज इथं छापतोय. गिरणीला बहिरी माणसं चालतात. नसली तर गिरणी ती स्वतः तयार करते. साच्यातून कापड निघतंय तोवर विणकराच्या कानाची चौकशी कुणी करत नाही. चौकशी होते ती त्याच्या मुलीनं खुर्चीवर बसायचं म्हटलं की.

यमूताईनं आबांना सांगितलं, मला दिवसभर रिळं नाही बघायची, तोंडं बघायचीत. आणि ती प्राथमिक शिक्षकांच्या ट्रेनिंगला गेली. तिथं डॉक्टरी दाखला लागायचा. तपासणीच्या दिवशी ती तासभर आधी जाऊन उघड्या दारासमोरच्या बाकावर बसली आणि तिच्याआधीच्या सहा मुलींना डॉक्टर काय विचारतात ते ओठांवरून वाचून घेतलं. नाव, गाव, वय, जीभ, डोळे, छाती. क्रम पाठ केला. तिची पाळी आली तेव्हा डॉक्टर कागदात डोकं घालून विचारू लागले, ओठ दिसेनात. ती क्रमानं उत्तरं देत गेली. मध्येच डॉक्टरांनी क्रम मोडून लग्न झालंय का असं विचारलं. ती म्हणाली, "बावीस." डॉक्टरांनी मान वर केली, म्हणाले, "बावीस लग्नं?" मान वर केली म्हणून हे तिला वाचता आलं. ती हसली, वय सांगितलं म्हणाली, डॉक्टरही हसले आणि सही करून मोकळे झाले. कानात कुणी बघितलं नाही. ही गोष्ट ती हसत सांगते. पण त्या दिवशी घरी आली तेव्हा तिच्या पोलक्याची पाठ घामानं भिजली होती, हे तिच्या आईनं माझ्या आईला सांगितलं होतं.

चिंचपोकळीच्या पुलाकडच्या एका शाळेत तिला पहिलीचा वर्ग मिळाला. दोन वर्षं तात्पुरती, मग तपासणी, मग कायम. कानांचं तिनं कुणाला सांगितलं नाही. खोटंही बोलली नाही. कुणी विचारलंच नाही. पण दीड वर्ष रोज सकाळी त्या शाळेत शिरताना ती हिशेब करत असेल. जिन्यात कुणी मागून हाक मारली आणि वळायचं राहिलं तर? घंटा झाली आणि कळलीच नाही तर? घंटेसाठी तिनं समोरच्या वर्गाच्या खिडकीवर डोळा ठेवला. हाकेसाठी भिंतीकडेनं चालायची सवय लावली, म्हणजे एका बाजूनं तरी कुणी येणार नाही.

वर्गात तिनं मुलांना रांगांत बसवलं नाही, घोड्याच्या नालेसारखं अर्धगोल बसवलं. सगळी तोंडं दिसली पाहिजेत. ज्याला बोलायचं त्यानं उभं राहायचं, केस मागं सारायचे, हात तोंडावरून काढायचा, मग बोलायचं. आणि वर्गाबाहेर चप्पल काढून ती अनवाणी शिकवायची. जमीन जुन्या लाकडी फळ्यांची होती. कोण उठलं, कोण सरकलं, कुणी पाय आपटला ते तळपायांना कळायचं. हेडमास्तरांनी ते बघितलं आणि साऱ्या शिक्षकांना बोलावून सांगितलं, परबबाई ज्ञानाच्या मंदिरात चप्पल घालून जात नाहीत, हे संस्कार शिका. त्या आठवड्यात आणखी दोन शिक्षकांनी चपला काढल्या. एकाच्या पायात खिळा गेला.

कवितेची मात्र तिला धास्ती. पहिलीच्या कविता चालीवर म्हणायच्या असतात. ती एखाद्या गात्या मुलीला पुढं उभी करायची, आपण टेबलाच्या कडेवर तळवा टेकायची आणि मुलांना बाकावर ताल धरायला लावायची. ताल लाकडातून तिच्या हातात यायचा. मुलंही हळूहळू तिच्यासारखी झाली. पाढे म्हणताना सगळ्यांची दोन-दोन बोटं गळ्याला.

आणि मुलांना हे जड गेलं नाही, हे मला विशेष सांगायचंय. ती मुलं विणकरांची. त्यांच्या घरी बाप अर्धा बहिरा. बापापुढं जाऊन, तोंड दाखवून, ओठ नीट हलवून बोलायचं हे त्यांना बोलायला लागल्यापासून ठाऊक. चांगल्या कानांच्या शिक्षकांना त्या पोरांशी बोलायला महिना लागायचा. हिला एक दिवस पुरला. वर्गातल्या मुलांना बाईंचं गुपित पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. दीड वर्ष एकानंही फोडलं नाही. फोडलं ते मी.

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीतली गोष्ट. मुंबई आपली राहणार नाही अशी बातमी आली आणि लालबाग-परळ पेटलं. दगड, लाठ्या, अश्रुधूर, मग गोळ्या. आम्ही रस्त्यावर होतो, मला शाळेची आठवणही नव्हती. दुपारी गोळीबार झाला तेव्हा यमूताई वर्गात शिकवत होती. तिला आवाज आला नाही. तिला दिसलं ते चेहऱ्यांवर: अडतीस तोंडं एकदम खिडकीकडं वळली आणि परत तिच्याकडं आली. समोरच्या बाकावरच्या मुलीनं आवाज न काढता ओठांनी सांगितलं, "बाई, गोळ्या."

संचारबंदी लागली. मोठ्या रस्त्यावर पोलीस, आईबाप शाळेपर्यंत येऊ शकेनात. बरेच शिक्षक जवळ राहणाऱ्या मुलांना घेऊन निघून गेले. हिच्या वर्गातली पोरं लालबागच्या गल्ल्यांतली, सगळ्यांत लांबची. तिनं खेळाच्या सामानातला रस्सीखेचीचा दोर काढला, मुलांना दोन्ही बाजूंनी धरायला लावला आणि आतल्या गल्ल्यांतून निघाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बंदूकवाले दोन शिपाई होते. आम्ही चारपाच जण एका जिन्याच्या आडोशाला. तिथून मी पाहिलं. गल्लीच्या दुसऱ्या टोकानं ती येत होती, दोराचं टोक हातात, आणि उलटी चालत होती. पाठ पोलिसांकडं, तोंड मुलांकडं. मला आधी वाटलं, डोकं फिरलं हिचं. मग कळलं. सरळ चालली असती तर तिला पुढचं तेवढं दिसलं असतं, मागं अडतीस पोरांचं काय होतंय ते कळलं नसतं. उलटं चालल्यावर पोरं दिसत होती, आणि पुढं काय आहे ते पोरांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. अडतीस जोड डोळे तिच्यासाठी पुढं बघत होते.

शिपाई ओरडला, थांबा. तिची पाठ त्याच्याकडं. तिनं एक पाऊल टाकलं. तो परत ओरडला, आणि दुसऱ्यानं बंदूक खांद्याला लावली. तिनं दुसरं पाऊल टाकलं. सभेत गर्जना करणारा मी, पण ओरडलो असतो तरी तिला काय ऐकू जाणार होतं? तिसरं पाऊल. तेवढ्यात दोरावरची सगळी पोरं जागच्या जागी थांबली आणि सगळ्यांचे ओठ एकदम हलले. ती थांबली. सावकाश वळली. दोन बोटं गळ्याला लावली आणि म्हणाली, "मुलं पोचवायचीत. घरं समोरच आहेत."

शिपायानं बंदूक खाली केली. तोही कुणाचा बाप असेल. ती परत पाठमोरी झाली आणि उलटी चालत त्याच्यासमोरून गेली. दारादारांत आया उभ्या होत्या. एकेक पोरगं दोरावरून सुटत गेलं. शेवटी नुसता दोर गुंडाळून ती चाळीत आली.

आणि मी काय केलं? मी त्याच संध्याकाळी बसलो आणि पत्रक लिहिलं. मथळा सांगायला आज लाज वाटते, पण तिनं तो खोडू दिला नाही: 'बंदुकीपुढं उलट्या पावलांनी चाललेली बहिरी रणरागिणी'. खाली तिचं नाव, वर्ग, शाळा. हजार प्रती. दुसऱ्या दिवशी छापून आल्या, संचारबंदी उठताच वाटल्या. चिंचपोकळीच्या पुलावर मी स्वतः वाटल्या, म्हणजे शाळेच्या दारातच. उलटी पावलं हडळीची असतात हे लिहिताना मला सुचलं नाही. चाळीतल्या बायकांना लगेच सुचलं, आणि त्या हसल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं.

शाईचा वास असलेली एक प्रत घेऊन मी मोठ्या ऐटीत तिच्या खोलीत गेलो. तिनं उभ्या उभ्या वाचली. मग विचारलं, "किती वाटल्यास?"

"सगळ्या," मी म्हणालो.

तिनं प्रत आबांपुढं धरली. आबा खाटेवर बसले होते, त्यांनी प्रत हातात घेतली, वाचता येत नव्हतं म्हणून नुसती बघितली. ती म्हणाली, "दत्ता, हजार लोकांना सांगितलंस. मला विचारायला एक गॅलरी ओलांडायची होती." तेव्हा तिची बोटं गळ्याला नव्हती. आवाज किती गेला याची तिला पर्वा नव्हती. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं.

मी म्हणालो, यात लाजण्यासारखं काय आहे, उलट लोकांना अभिमान... ती म्हणाली, लाजत कोण होतं? मार्चमध्ये तपासणी आहे. कायम झाल्यावर मी स्वतःच हेडमास्तरांना सांगणार होते. आबांनी मान हलवली आणि ओठांनी नव्हे, आवाजानं म्हणाले, "भैरो मी आसंय. माका कोण इचारता? माज्या चेडवाक मात्र कागद लागता." मी बहिरा आहे, मला कोण विचारतो, माझ्या मुलीला मात्र कागद लागतो. एवढंच. पुढं कितीतरी दिवस तिनं मला गॅलरीत ओलांडून जाताना मान खाली घातली. ओठ दिसत नसले की तिच्या लेखी माणूस बोलत नसतो. मी बोलत होतो, ती बघत नव्हती.

चारच दिवसांत मंडळाचं पत्र आलं: कानांचा दाखला आणा. तिनं खरा दाखला आणून दिला. हेडमास्तरांनी अनवाणी पायांचा अर्थ नव्यानं लावला आणि दुखावले. तपासणीच्या साहेबांकडं माझं पत्रकही पोचवण्यात आलं.

तपासणीच्या आठ दिवस आधी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. साहेबांना कुठं बघता येईल का, असं विचारलं. मी म्हटलं, बघतो, काय चौकशी करू? कडक आहेत का, जात कोणती, ओळख कुणाची? ती म्हणाली, "मिशा आहेत का ते बघ. नि पान खातात का."

मी त्यांच्या कचेरीच्या दारात दोन तास उभा राहिलो. मिशा होत्या. दाट, वरचा ओठ पूर्ण झाकणाऱ्या, खालच्याही ओठावर उतरलेल्या. पान नव्हतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. त्या आठ दिवसांत तिनं आबांच्या तोंडावर सुताचा झुबका धरून त्यांना बोलायला लावलं आणि वाचायचा प्रयत्न केला. आबांना हसू यायचं, मग सगळंच बिघडायचं.

तपासणीला मी नव्हतो. पुढची हकीकत शाळेच्या सखाराम शिपायाची. तो दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता आणि पाठ संपेपर्यंत हलला नाही.

साहेब येऊन बसले. पहिला प्रश्न मुलांना विचारला. मिशी हलली, बाईंना काही दिसलं नाही. बाई मुलांकडं वळून म्हणाल्या, साहेबांनी काय विचारलं, सगळ्यांनी सांगा. अडतीस मुलांनी प्रश्न एकसाथ म्हटला, मग उत्तर म्हटलं. दुसरा प्रश्न, तसंच. साहेब खूश झाले. म्हणाले, प्रश्न वदवून घेण्याची ही पद्धत चांगली आहे, मुलांचं लक्ष राहतं. सखाराम म्हणतो, मला वाटलं, जिंकली बाई.

मग साहेब उठले. तपासायच्या वह्या बघत बघत बाईंच्या पाठीमागं गेले आणि तिथून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, वर्ग सोडा."

बाई फळ्याजवळ उभ्या, तोंड मुलांकडं. मुलांनी काय करायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. सगळ्या वर्गाचे ओठ, आवाज न काढता, एकदम हलले: वर्ग सोडा. साचेखात्यातल्या बापांची पोरं ती.

बाईंनी वाचलं. एवढं म्हणायचं होतं: मुलांनो, वर्ग सुटला. म्हणाली असती तर आज कायम असती. सखारामला अजून त्याचा राग आहे. बाईंनी बोटं गळ्याला लावली आणि मुलांना म्हणाल्या, "ओठ मिटा. दुसऱ्याला उत्तर सांगायचं नाही, हा नियम आहे ना आपला?" मग वळल्या. "साहेब, तुम्ही मागून बोललात. मला मागचं ऐकू येत नाही. समोरून बोला."

साहेब माणूस वाईट नव्हता, असं तीच म्हणते. समोर आले. मिशी बोटानं वर केली, आणि परत तेच म्हणाले. बाईंनी वर्ग सोडला.

शेरा आला: अध्यापन उत्तम, श्रवणदोष, नियमाबाबत निर्णय होईपर्यंत तात्पुरती नेमणूक चालू ठेवावी.

तो निर्णय आजपर्यंत झालेला नाही. दर जूनला पाकीट येतं. त्यात एक वर्षाची मुदत असते, किंवा नसते. मेच्या अखेरीपासून ती जेवत नाही धड. कुणाशी बोलताना डोळे जिन्याकडं. आपण मोर्चे काढतो, तुरुंगात जातो, आणि ते संपतं. हिचं दर वर्षी नव्यानं सुरू होतं. मी हा प्रश्न आमच्या वॉर्डातल्या चळवळीच्या मंडळींपुढं मांडला. म्हणाले, आधी मुंबई मिळू दे. मुंबई मिळाली. परत गेलो. म्हणाले, नवं राज्य आहे, जरा घडी बसू दे. कुणाची घडी, हे विचारायला मी उठलो तर अध्यक्षांनी दुसरा विषय घेतला. तेही पाठ वळवून बोलत होते, हे मला तेव्हा दिसलं.

मागच्या महिन्यात राज्य झालं. लालबागला तोरणं लागली, आबांनी लेझीम धरली, यमूताईनं वर्गातल्या पोरांना बाकावर ताल धरायला लावून जयजयकार म्हणून घेतला. मला वेड्याला वाटलं, या वर्षी पाकिटात वेगळं काही असेल.

परवा सखारामनं निरोप पाठवला, कचेरीतून पाकीट निघालंय. मी शाळेत गेलो. तिच्या वर्गाची खिडकी व्हरांड्यात उघडते. नवी मुलं, शाळा सुरू होऊन चारच दिवस झालेले. या वर्षी तिला कोपऱ्यातला वर्ग दिलाय, तिथं दार तिच्या पाठीमागं येतं. अर्धगोल बसलेली पोरं, बाहेर काढलेल्या चपला, फळ्यावर दोनाचा पाढा. सखाराम दारात आला. हातात पाकीट. आधीची चार इंग्रजीत टाईप केलेली असायची. यावरचा पत्ता मराठीत होता. आत काय होतं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

सखारामनं हाक मारली, "बाई." मग जीभ चावली. गेल्या चार वर्षांत तो पहिल्यांदाच विसरला होता. बाई शिकवत राहिल्या. मुलांना पाकीट दिसलं. त्यांना ते काय ते ठाऊक नव्हतं, पण सखारामचा चेहरा दिसत होता. पाढा अडखळला. मी खिडकीत होतो, तिच्या नजरेच्या बाहेर. दोन पावलं पुढं होऊन मी तिला खूण करू शकलो असतो. केली नाही. तिच्या वर्गात तिच्यासाठी बोलायचं नाही, एवढं मी शिकलोय.

समोरच्या बाकावरची एक बारकी मुलगी उभी राहिली. चार दिवसांची विद्यार्थिनी. तिनं कपाळावरचे केस मागं सारले, हात तोंडावरून काढला, आणि ओठ नीट हलवून म्हणाली, "बाई, मागं."

बाईंनी मान वळवली. पाकीट पाहिलं. सखारामला पाहिलं. तिची बोटं गळ्याला गेली आणि तिथंच राहिली. मग तिनं दुसऱ्या हाताचा तळवा सखारामसमोर धरला, जरा थांबा असा, आणि परत मुलांकडं तोंड केलं.

"कुठं होतो आपण?"

"बे पंचे दहा," पोरं म्हणाली.

"मग पुढं."

सखाराम दारात पाकीट धरून उभा. त्याचेही ओठ हलायला लागले होते. बे सक बारा. बे साते चौदा. मुलांची बोटं एकेक करून गळ्याला जात होती, कुणी सांगितलं नव्हतं. बे आठे सोळा. बे नवे अठरा. तिचे अनवाणी पाय फळ्यांवर घट्ट रोवलेले, डोळे एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर, एकही सुटू न देता. बे दाहे वीस झालं. शेवटच्या बाकावरच्या एका पोराचं राहिलं होतं, त्याचंही तिनं होऊ दिलं.

मग वळून हात पुढं केला.